ऑइलची बरकत

पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी बेलापूरच्या वेशीजवळ होते. गाडीच्या काट्यांमध्ये एक छोटं चित्र उमटलं. एक डबा, त्याच्या दोन्ही बाजूंना नळी आणि डब्यात ठिपके. मला ती खसखस वाटली. गाडी नेहमीसारखी चालत होती, म्हणून मी ती घरी आणली आणि अंगणात लावली. दुसऱ्या दिवशीही दिवा होता. तिसऱ्या दिवशी त्याची सवय झाली. त्या वर्षी मला बऱ्याच गोष्टींची सवय करून घ्यावी लागत होती, त्यात एक दिवा काही जड नव्हता.

गाडी माझ्या पतींची. ते दिवाळीनंतर गेले, शेवगावात, एका दुकानाच्या पायरीवर बसल्याबसल्या. ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत ते होते. सकाळी निघायचे आणि शेवगाव, नेवासा, कोपरगाव असं कुठे कुठे फिरून यायचे. गाडी दुसऱ्या दिवशी त्याच दुकानदाराने आणून दिली आणि किल्ली आबांच्या हातात ठेवली. आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या आसपास. जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने टाकलेली आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. घरात आता आम्ही दोघंच.

मी श्रीरामपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. बेलापूरहून तिथे जायला गाडीने पंधरा मिनिटं लागतात, पुढे उसाची ट्रॉली असेल तर पंचवीस. पूर्वी मी एसटीने जायचे. तेराव्यानंतर पाव्हणे पांगले तेव्हा आबा म्हणाले, "गाडी दारात हाय तर एसटीत कशाला उभी ऱ्हातीस? चालवायला येती ना?"

"येते. सवय नाही."

"मंग लागंल सवय."

अशी मी पंधरा मिनिटं जायला आणि पंधरा मिनिटं यायला लागले. सुट्टीच्या दिवशी गाडी अंगणातच असायची.

पण बंद नसायची. चौदाव्या दिवसापासून आबांनी एक नेम धरला होता. सकाळी चहाच्या आधी ते किल्ली घेऊन बाहेर जात, पुढचा दरवाजा उघडत, एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून गाडी चालू करत आणि गाडीमागच्या ओट्यावर जाऊन बसत. तिथून इंजिनचा आवाज नीट ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. पंधरा मिनिटांनी बंद. मला जाग यायची ती त्या आवाजाने.

ह्याला कारण होतं. आबांच्या विहिरीवर तीस वर्षं डिझेलचं इंजिन होतं. पावसाळ्यात पाणी उपसायचं नसलं तरी ते रोज थोडं फिरवायचे, नाहीतर ते बसतं. लोखंडाला वापर पाहिजे, असं ते म्हणत. मुलगा गेला म्हणून त्याची गाडी बसू द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवलेलं होतं. बाकी काही ते बोलत नसत. तेराव्यापासून त्यांच्या तोंडून मी मुलाचं नाव ऐकलं नव्हतं. गाडीचं मात्र सगळं ऐकत होते.

फाल्गुनात एकदा त्यांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. इंजिन ऑइल मोजायची पट्टी त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली.

"बघ."

"काय बघू?"

"ह्या दोन खुना दिसतात? ऑइल ह्यांच्या मधी पाहिजे. पोरानं शेवटचं भरलं तवा मधीच हुतं. आता कुठं हाय?"

ऑइल वरच्या खुणेच्या वर होतं.

"तुम्ही भरलंत?"

"एक थेंब न्हाई. मी आठ दिसाला बघतो. चढतंय ते." त्यांनी पट्टी हळूच परत जागेवर सारली. "माझं इंजिन महिन्याला अर्धा लिटर प्यायचं. हितं उलटं हाय. बरकत हाय त्याच्या हाताला."

बरकत हा शब्द आमच्याकडे कणगीतल्या धान्याला लावतात, दुभत्या गाईला लावतात. इंजिन ऑइलला लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं, आणि आबांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झालेला होता. मी म्हणाले, "छान."

दिवा लागला तो त्यानंतर पंधरा दिवसांनी.

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, वेष्टनासकट. ज्या पुस्तकाला कोणी हात लावलेला नाही ते आधी उघडावं, ही माझी कामातली जुनी खोड. एका रविवारी मी ते स्वयंपाकघरात बसून वाचलं. निम्मं पुस्तक इंग्रजीत आणि निम्मं हिंदीत होतं. दोन्हींतला मजकूर सारखाच कंटाळवाणा होता, त्यामुळे भाषांतर विश्वासू असावं.

खसखस म्हणजे काजळी होती. डिझेल जळताना काजळी होते. पूर्वी ती सायलेन्सरमधून सरळ बाहेर यायची आणि आपण मागे दुचाकीवर असायचो. आताच्या गाड्यांत ती बाहेर पडण्याआधी अडवतात. त्यासाठी एक डबा असतो आणि त्यात चिनी मातीसारख्या पदार्थाच्या हजारो बारीक नळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या, एकमेकींना खेटून. प्रत्येक नळीचं एक तोंड बंद. एकीचं पुढचं बंद असेल तर शेजारणीचं मागचं. धूर उघड्या तोंडातून आत शिरतो, शेवटी वाट बंद मिळते, मग त्याला मधल्या भिंतीतून शेजारच्या नळीत पाझरावं लागतं. नव्या माठातून पाणी पाझरतं तसं. भिंतीपलीकडे स्वच्छ हवा निघते, काजळी अलीकडे राहते.

ती साठत गेली तर डबा कोंदतो. म्हणून ती वरचेवर जाळावी लागते. गाडी हायवेवर बराच वेळ पळाली की धूर एवढा तापतो की काजळी आपोआप जळून जाते. तेवढं झालं नाही तर गाडीचा संगणक स्वतःच ठरवतो, थोडं जादा डिझेल सोडतो आणि डबा तापवतो. ह्याला इंग्रजीत रिजनरेशन म्हणतात. हिंदी भागात 'पुनर्जनन' असा शब्द होता. तो मी दोनदा वाचला आणि पुढे गेले.

पुढे लिहिलं होतं की डबा तापलेला असताना गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये. आमची गाडी अंगणात कडब्याच्या गंजीला लागून उभी असते. आणखी लिहिलं होतं की पूर्ण जळून गेल्यावरही थोडी राख उरते, ती जाळता येत नाही. आणि असं की उभ्या गाडीत इंजिन फार वेळ चालू ठेवलं किंवा फक्त जवळच्याच फेऱ्या केल्या, तर डबा तापतच नाही, काजळी मात्र साठत राहते. संगणक जाळायला सुरुवात करतो, तेवढ्यात घर येतं, इंजिन बंद होतं. जादा सोडलेलं डिझेल न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. त्यामुळे ऑइलची पातळी वाढते. असं पातळ झालेलं ऑइल इंजिनाची झीज करतं.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. बाहेर ओट्यावर आबा शेजाऱ्यांना सांगत होते, "लोकांच्या गाड्या ऑइल खात्यात, आमची देती."

श्रीरामपुरात कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. तिथल्या मेस्त्रींनी दिव्याकडे पाहिलं, यंत्र जोडून आकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, जाळी कोंदलीय."

त्या डब्यातल्या फिल्टरला ते जाळी म्हणत. मी वाचलेल्या नळ्यांचं सांगायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"आमाला म्हाईत हाय. सातवी नापास हाय, पर हे म्हाईत हाय. काढून टाकू. डबा बाहेरून हाय तसा ठेवायचा, आतलं सगळं ठोकून बाहेर काढायचं, वरून वेल्डिंग. वाकून बघितलं तरी कोनाला कळत न्हाई."

"आणि गाडीच्या संगणकाला?"

"त्याला लॅपटॉपवरनं सांगायचं, जाळी हाय, एकदम साफ हाय, तू काळजी करू नको."

"म्हणजे खोटं सांगायचं."

"मशीन हाय ते मॅडम. त्याला काय वाईट वाटतंय?"

"कायद्याने चालतं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "तुमी इचारलं म्हनून सांगितलं. बाकीचे इचारत न्हाईत."

मी जायला निघाले होते, तेवढ्यात एक प्रश्न सुचला. "जाळी काढल्यावर रोज सकाळी उभी चालू ठेवली तर चालेल? पंधरा मिनिटं?"

"दिवसभर ठेवा की."

"आणि ऑइल वाढणार नाही?"

"मंग कशाला वाढतंय? जाळायलाच काय ऱ्हानार न्हाई."

घरी येईपर्यंत मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. जाळी काढली की दिवा जाईल, इंजिन वाचेल, आबांचा नेम चालू राहील. ऑइल वाढायचं थांबेल, पण ते हळूहळू. त्याला काहीतरी कारण सांगता येईल. त्यांना खरं सांगायची वेळच येणार नाही. एरवी मी उशिरा आलेल्या पुस्तकालासुद्धा मागच्या तारखेचा शिक्का मारत नाही. पण मी मेस्त्रींना फोन करून शनिवार ठरवला.

शनिवारी गेले तेव्हा गॅरेजात आधीच एक पिकअप उभी होती. तिची जाळी मेस्त्रींनी मागच्या वर्षी काढलेली. तिचा मालक, कांद्याचा व्यापारी, स्टुलावर बसून तक्रार सांगत होता.

"वढतच न्हाई मेस्त्री. आन धूर असा की पीयूसीवाला लांबूनच हात हालवतो, पुढं जा म्हनतो. बायको शेजारी बसायला तयार न्हाई."

"ते जाळीमुळं न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"मंग काय बायकोमुळं?"

"वहिनींचं न्हाई म्हनत, गाडीचं म्हनतोय. थांबा, रेस करून बघू."

त्यांनी रेस केली. सायलेन्सरमधून काळा लोट निघाला, गॅरेजच्या मागच्या कमरेएवढ्या भिंतीवरून पलीकडे गेला आणि तिथेच बसला. पलीकडे मेस्त्रींचं घर आहे. तिथून एका बाईचा आवाज आला.

"आरं मुडद्या! माझ्या कुरडया!"

आम्ही तिघंही भिंतीपाशी गेलो. दोन बाजांवर धुतलेली लुगडी पसरून त्यांच्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातलेल्या होत्या. म्हणजे काही वेळापूर्वी पांढऱ्याशुभ्र असाव्यात. मेस्त्रींची आई हातात पळी घेऊन उभी होती.

"तीन दिस गहू भिजवला, चीक काढला, पहाटंच उठून शिजवला. आता ह्या काय मिऱ्याच्या कुरडया म्हनून इकू?"

"आये, झटकून घी."

"झटक तू! आन पंचमीला तुझ्या मेव्हन्याला ह्याच वाढ!"

"मावशी, चूक माझ्या गाडीची हाय," व्यापारी म्हणाला.

"गाडीला कशाला नाव ठिवतो? गाडी चांगलीच हुती. ह्यानं तिचं नाक कापलं तवापासून ही तऱ्हा हाय."

मी भिंतीवरून हात घालून एक कुरडई उचलली. बोटाने पुसली तर काजळी गेली नाही, पसरली. तिच्यात तेलकट काहीतरी असतं. माझ्या बोटावर उरलेलं मी रुमालाला पुसलं, तर ते रुमालावरही राहिलं.

मला आमच्या गाडीमागच्या ओट्याची आठवण झाली. आबा बसतात तिथून सायलेन्सरचं तोंड हातभर अंतरावर आहे.

"राहू द्या," मी मेस्त्रींना म्हणाले. "जाळी काढायची नाही."

"कुरडयांमुळं?"

"घरी म्हातारं माणूस आहे."

त्यांनी वाद घातला नाही. आई अजून भिंतीपलीकडे होती, त्यामुळे कदाचित त्यांनाही फार बोलायचं नव्हतं. पट्टी काढून त्यांनी ती माझ्या नाकाजवळ धरली. डिझेलचा वास येत होता. "आधी हे ऑइल बदला. ह्याच्यावर गाडी पळवायची न्हाई. मंग एक डाव लांब न्या, एका चालीत, मधी बंद करायची न्हाई. दिवा गेला तर गेला. न्हाईतर नगरला शोरूमला. पर मॅडम, घरी उभी चालू ठेवत असाल तर काय बी करा, परत तेच हुनार."

मी ऑइल त्याच दिवशी बदललं नाही. आबांनी पट्टी पाहिली असती आणि ऑइल खाली आलेलं दिसलं असतं. आधी सांगणं भाग होतं.

चार दिवस मी वाक्य जुळवत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी भाकरी वाढताना ते जुळवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं आणि मी म्हणाले, "आबा, ऑइल वाढतंय ते डिझेल आहे."

"डिझेल टाकीत असतं."

मी पुस्तक आणलं. चित्र दाखवलं, नळ्या दाखवल्या. काजळी, जाळणं, अर्धवट राहणं, सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. तीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला समजायला वेळ लागला नाही; मलाच जास्त वेळ लागला होता.

"म्हंजी बरकत न्हाई."

"नाही."

"आन मी रोज चालू करतो त्यानं झालं."

"माझ्या फेऱ्यांनीही झालं. दोघांनी मिळून केलं."

"तुझं सोड. तू कामाला जातीस."

त्यांनी भाकरी संपवली. हात धुतले. बंडीच्या खिशातून किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी वाजली नाही. मला जाग आली तेव्हा ऊन खिडकीत आलेलं होतं आणि कॉलेजला उशीर झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घड्याळाचा गजर लावला. आबा उठलेले असायचे, पण बाहेर जायचे नाहीत. आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. चहा दिला की प्यायचे. इतके दिवस मी असं धरून चालले होते की ते गाडी सांभाळत आहेत. माझी ही समजूत ऑइलच्या समजुतीएवढीच चुकीची निघाली. गाडी बंद झाली तसे तेही बंद झाले.

मी ऑइल बदलून आणलं. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले.

"आबा, गाडी लांब न्यायची आहे. समृद्धी महामार्गावर. मधे थांबायचं नाही. मला एकटीला भीती वाटते."

ते खरं होतं. त्या रस्त्यावर मी कधी गेले नव्हते.

"मी काय करनार? मला कुठं येती चालवता?"

"शेजारी बसा."

ते कॉटवरून उठले. मग म्हणाले, "टोपी दे."

नव्या धोतरात, लग्नाला निघाल्यासारखे ते येऊन बसले. कोपरगावपर्यंतचा रस्ता आपला नेहमीचाच, खड्ड्यांचा होता. दिवा घालवायला साठचा वेग वीस मिनिटं ठेवा, असं पुस्तकात लिहिणाऱ्याने तो पाहिलेला नसावा. समृद्धीवर चढल्यावर मात्र गाडी सरळ सुटली. ऐंशीवर काटा स्थिर ठेवून मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. काही वेळाने इंजिनचा आवाज किंचित बदलला, तापलेल्या लोखंडासारखा वास आला.

आबांनी मान तिरकी केली. "लागली जळायला."

"हो."

"पोरी, मला जरा उतरायचंय."

"आता नाही आबा."

"किती येळ?"

"पुस्तकात वीस मिनिटं लिहिलंय."

"पुस्तकाला म्हातारपन न्हाई."

"इथे थांबायची परवानगीही नाही."

"बरं. मंग बोल कायतरी."

बोलायचं सोडून आम्ही दोघं त्या पिवळ्या दिव्याकडे बघत गेलो. रस्ता सरळ असल्याने ते जमलं. बऱ्याच वेळाने, मी समोर एका टँकरकडे बघत असताना, आबा म्हणाले, "गेला." मी पाहिलं. दिवा नव्हता.

पुढे बाहेर पडायची वाट आली तिथे महामार्ग सोडून मी खाली उतरले आणि एका बाभळीजवळ थांबले. इंजिन चालूच ठेवलं. आबा उतरले, आडोशाला जाऊन आले, पण लगेच बसले नाहीत. दार उघडं धरून उभे राहिले.

"एक डाव शेवगावहून येत हुतो आमी दोघं," ते म्हणाले. "माझी बहीन त्याच रस्त्याला दिलेली. मी म्हनलं, धा मिनिटं थांब, आक्काला भेटून येतो. तर थांबला न्हाई. तिच्या दारावरनं गाडी आनली त्यानं. फुडं महिन्याभरात आक्का गेली. सा महिने मी त्याच्याशी धड बोललो न्हाई. त्यानं बी कधी सांगितलं न्हाई, का थांबला न्हाई."

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला.

"हेच जळत आसंल व्हय तवा?"

ते वर्ष मला नीट आठवतं. तेव्हा आमच्याकडे जुनी पेट्रोलची व्हॅन होती. तिला जाळी नव्हती, संगणक नव्हता, आणि ती कुठेही थांबायची, कित्येकदा न सांगता.

"तेच असणार," मी म्हणाले. "मधे थांबता येत नाही आबा."

"न्हाईच येत," ते म्हणाले आणि आत बसले.